शाळाभेटीला येणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र: खेळ शनिवारपुरता ठेवू नका

सोलापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांना भेटी देणारे सगळे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि वरचे सगळे साहेब-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत. शाळेचं नाव लिहीत नाही कारण जे लिहिणारे ते एका शाळेचं नाही, जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईंना नाहीतर गुरुजींना विचारा, थोड्याफार फरकानं हेच सांगतील.

मुद्दा आधीच सांगून टाकते. वर्गात खेळातनं शिकवा हे आता आम्हाला कुणी सांगायची गरज राहिलेली नाही, ट्रेनिंगला ऐकलंय, जीआरमध्ये वाचलंय, मोबाईलवर व्हिडिओ बघितलेत. अडचण वेगळीच आहे. खेळ घेतला की आवाज होतो, त्या तासाला वहीत काही उतरत नाही, आणि भेटीला कुणी आलं की पहिल्यांदा वहीच मागितली जाते. मग शिक्षक काय करतात, खेळ शनिवारी घेतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, आणि सोमवारी परत फळा, पाढे आणि हाताची घडी. यात शिक्षकांची चूक नाही असं मी म्हणत नाही, पण जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं हे तुम्हालाही माहितीये. म्हणून पत्र तुम्हाला.

कागदावर तर आपण कधीच मागं नव्हतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये स्पष्ट आहे की शिकणं हे कृतीतनं, शोधातनं झालं पाहिजे आणि मूल भीतीतनं मोकळं पाहिजे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य द्यायचं लिहिलंय. त्याच्याही आधी १९९३ ला यशपाल समितीनं दप्तराच्या आणि न समजणाऱ्या अभ्यासाच्या ओझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं. २०२० चं नवीन शिक्षण धोरण आलं, २०२१ ला लहान वर्गांतल्या पोरांना वाचता आणि आकडेमोड करता यावी म्हणून निपुण भारत आलं, पहिलीच्या पोरांसाठी तीन महिन्यांचं खेळावर आधारलेलं विद्या प्रवेश आलं, फेब्रुवारी २०२३ ला तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एनसीईआरटीचा जादुई पिटारा, म्हणजे खेळण्या-कार्डांची पेटी, आला, २०२४ ला आपल्या सरकारनं पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, म्हणजे त्या दिवशी खेळ आणि कृती, दिला. चांगलंच आहे सगळं, मनापासनं म्हणते. शनिवार तर पोरांना इतका आवडतो की गैरहजेरी कमी असते. पण पोरांच्या डोक्यात काय बसतं की शनिवारी आनंद आणि बाकीचे पाच दिवस अभ्यास. आनंद वेगळा आणि गणित वेगळं. ही फाळणी मला नको वाटते.

आता गणितातलंच एक उदाहरण घेऊन सांगते म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल.

दुसरीच्या पोराला पंचवीस लिही म्हणलं की ते ५२ लिहितं. दरवर्षी. कारण तोंडातनं आधी पाच येतो मग वीस, आणि लिहायचं मात्र आधी दोन मग पाच. आमच्या गावात निम्म्या घरांत कन्नड बोलतात, कन्नडमध्ये आधी वीस येतो मग पाच, त्यामुळं त्या घरातल्या लेकरांना मराठी आकडे आणखीनच उलटे वाटतात. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात वीस पाच असं वाचन दिलं तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवत असेल, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत चर्चा. त्यात मला पडायचं नाही. माझ्यासमोरचं पोरगं ५२ लिहितंय आणि त्याला मी वहीत पंचवीस शंभर वेळा लिहायला लावलं तरी पुढच्या आठवड्यात ते ५२ च लिहितं, हा माझा प्रश्न.

त्यावर मी काड्यांचा खेळ घेते. माझा शोध नाही हा, गठ्ठे-सुट्टे सगळ्यांनाच माहितीये, पण तो फळ्यावर चित्र काढून शिकवणं वेगळं आणि खेळ म्हणून खेळणं वेगळं. चार-चार पोरांचा गट, एक फासा, मधे खराट्याच्या काड्यांचा ढीग, केसांना लावायचे छोटे रबर. फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढ्या काड्या घ्यायच्या, उजव्या हाताला ठेवायच्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा आणि डाव्या हाताला ठेवायचा. दरवेळी आपल्याकडं किती झाले ते मोठ्यानं सांगायचं आणि समोरच्यानं तपासायचं, गठ्ठा करायचं विसरला तर समोरचा एक काडी घेतो. एवढा एक नियम घातला की बघा, चारही पोरं एकमेकांवर डोळा ठेवून असतात, मला कुणाला लक्ष दे म्हणावं लागत नाही. डाव्या हाताला दोन गठ्ठे, उजव्या हाताला पाच सुट्ट्या, आणि हे लिही म्हणलं की २ डावीकडं आणि ५ उजवीकडं आपोआप जातात, कारण ते समोर तसंच पडलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात खेळ उलटा. प्रत्येकाकडं दहा गठ्ठे, फासा पडेल तेवढ्या काड्या परत द्यायच्या, ज्याचं आधी संपेल तो जिंकला. हातात सुट्ट्या तीन आणि फाशावर पडले पाच. मग पोरगं गठ्ठ्याकडं बघतं, माझ्याकडं बघतं, परत गठ्ठ्याकडं. मी गप्प बसते, हे गप्प बसणं फार अवघड जातं पण बसते. यंदा एका पोरीला शेजारची कन्नडमधनं सांगत होती, बिच्चू, बिच्चू, म्हणजे सोड की तो गठ्ठा. सोडला तिनं रबर. हातच्याची वजाबाकी म्हणतात ती एवढीच आहे हो, पण चौथीपर्यंत पोरं त्यात अडकून बसतात कारण त्यांनी तो गठ्ठा कधी स्वतःच्या हातानं सोडलेलाच नसतो, फळ्यावर आकड्याला काट मारून वर छोटा आकडा लिहिलेला फक्त बघितलेला असतो.

आणि ज्या पोरीनं ते सांगितलं ती मराठीच्या तासाला तोंड उघडत नाही. भाषा येत नाही म्हणून आपण तिला मागं पडलेली म्हणतो. खेळात ती शिकवायला लागली.

नुसता माझा अनुभव नको म्हणाल तर हे बघा. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली गरीब घरातल्या शाळापूर्व वयाच्या मुलांना एक ते दहा आकड्यांचा साधा पट खेळायला दिला, सापशिडीसारखाच पण एका ओळीतला. पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव, सगळे मिळून साधारण तासभर. तेवढ्यावर आकडे ओळखणं, मोजणं, लहान-मोठं ओळखणं हे सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनी तपासलं तरी टिकून होतं. तसाच पट पण आकड्यांऐवजी रंगांचा ज्यांना दिला होता त्यांच्यात मात्र हा फरक दिसला नाही. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नुसता खेळ पुरत नाही, खेळाच्या आत तो अभ्यास असावा लागतो.

हे मी आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनाही सांगते कारण खेळाच्या नावाखाली वर्गात जे चालतं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. कवितेला हातवारे केले, मधे टाळ्या वाजवल्या, बरोबर उत्तराला चॉकलेट दिलं, याला मी खेळातनं शिक्षण म्हणत नाही. आणि आऊट होणारे खेळ तर वर्गात नकोतच. शब्दकार्ड पसरून पळत जाऊन उचला म्हणलं की जो जोरात पळतो तो जिंकतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो पहिल्याच फेरीत आऊट होऊन भिंतीला टेकून बसतो. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर. वर्गातला खेळ असा पाहिजे की कच्चं पोरगंही शेवटपर्यंत खेळात राहील आणि नशिबाचा थोडा भाग असेल म्हणजे कधीतरी तेही जिंकेल. फासा त्याच्यासाठीच चांगला, फासा हुशार-ढ बघत नाही.

भाषेला मी चिठ्ठ्या करते. चिठ्ठीत एक काम लिहिलेलं असतं, खिडकीजवळ जा आणि तीन वेळा उडी मार, नाहीतर बाईंच्या टेबलावरचा डबा उघडून आत काय आहे ते कुणाला न सांगता परत ये. पोरानं मनात वाचायचं आणि करून दाखवायचं, बाकीच्यांनी चिठ्ठीत काय लिहिलं असेल ते ओळखून पाटीवर लिहायचं. मोठ्यानं वाचून दाखव म्हणलं की अडखळणारी पोरं इथं जीव लावून वाचतात कारण वाचल्याशिवाय गंमत कळत नाही.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा झाली की पोरं आठवडाभर दुसरं काही बोलतच नाहीत, पाळणा किती उंच होता, कुणी काय घेतलं, कुणाच्या वडलांनी किती घासाघीस केली. पूर्वी वाटायचं आता ह्यांना परत अभ्यासाला कसं बसवायचं. आता आम्ही वर्गातच गड्डा भरवतो. खोट्या नोटा, पाळण्याची तिकीटं, भजीचं दुकान, बांगड्यांचं दुकान, प्रत्येकाला शंभर रुपये आणि हिशोब लिहून द्यायचा. सुट्टे परत देताना जी भांडणं होतात ना त्यातनं जेवढी वजाबाकी होते तेवढी स्वाध्यायाच्या दहा पानांतनं होत नाही. तसंच चादरीचं. सोलापुरात चादर नाही असं घर नाही. घरची चादर आणायची, मधोमध घडी घालायची, दोन्हीकडची नक्षी जुळते का बघायचं, मग चौकटीच्या कागदावर एकानं अर्धी नक्षी काढायची आणि जोडीदारानं उरलेली अर्धी पुरी करायची. शहरात पूर्व भागातल्या शाळांमध्ये तर ज्यांच्या घरी माग चालतो, निदान आजोबा मागावर होते, अशी कितीतरी पोरं आहेत, त्यांना सममितीची व्याख्या पाठ करायला लावणं म्हणजे कमाल आहे.

तिसरीच्या परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे. १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी सोलापुरात लावलेला लष्करी अंमल, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार नावं पाठ होतात, परीक्षेत लिहिली जातात. पण निम्म्या पोरांना त्या काळचे वार्ताहर करा आणि निम्म्यांना शहरातले लोक, आणि वार्ताहरांनी प्रश्न विचारून बातमी लिहायची असं सांगून बघा, पोरं आधी पुस्तक उघडतात, कारण उत्तर द्यायला माहिती लागते.

मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहायचंय. आमच्याकडच्या मुलींना शाळा सुटल्यावर खेळायला मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळी कुठल्याही वस्तीवर नाहीतर शहरातल्या बिडी कामगारांच्या गल्लीत एक चक्कर मारावी. पोरगं मैदानावर असतं आणि पोरीच्या कडेवर धाकटं भावंड असतं. पाणी भरणं, भांडी, आईच्या हाताखाली काम. आईचाही इलाज नसतो, हजार बिड्यांमागं मजुरी मिळते तिथं तिचा हात थांबला की पैसे थांबले. म्हणजे या मुलींच्या दिवसात खेळाची जागा कुठं आहे तर शाळेत, आणि तीही मैदानावर नाही कारण मैदान सुट्टीत मुलगे अडवतात. उरला वर्ग. वर्गातल्या तासाला खेळ घेतला की त्या मुलीला खेळ मिळतो, ती फासा टाकते, भांडते, जिंकते, हरते, मोठ्यानं हसते. हे तिला वयाच्या सातव्या वर्षी मिळालं नाही तर नंतर कधी मिळणारे? माझ्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे, निपुणचे आकडे वाढले नाहीत तरी.

हंगामात साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं काही महिन्यांसाठी शाळेत बसतात. त्यांना कुठल्या धड्यावर बसवायचं हा दरवर्षीचा प्रश्न. खेळात हा प्रश्न येत नाही, काड्यांच्या खेळाला कालचं काही यावं लागत नाही, पहिल्याच दिवशी ती गटात बसतात.

पालक म्हणतात बाई पोरं नुसती खेळतात, अभ्यास कधी करणार, शेजारच्या इंग्लिश मीडियमच्या पोराला बघा केवढा होमवर्क असतो. त्यांचं चुकत नाही, त्यांना पोराचं भलंच हवंय. मी त्यांना नवोदयचं सांगते, म्हणजे प्रवेश परीक्षा देऊन सहावीला मिळणाऱ्या सरकारी निवासी शाळेचं. पोखरापूरच्या नवोदयला आपलं पोरगं लागावं असं प्रत्येकाला वाटतं. त्या परीक्षेत ८० प्रश्न असतात आणि त्यातले ४० मानसिक क्षमतेचे, म्हणजे वेगळी आकृती ओळखा, अर्धी आकृती पूर्ण करा, आरशात कशी दिसेल सांगा. चादरीच्या नक्षीचा खेळ हेच तर शिकवतो. हे सांगितलं की पालक ऐकतात. तुम्ही सांगितलं तर जास्त ऐकतील, पालक सभेला एखादे साहेब येऊन बोलले की त्याचं वजन वेगळं असतं.

खर्चाचं म्हणाल तर तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडं साहित्य बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यावरच सगळं उभं केलं, पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवलं, अभिमान आहेच. पण प्रत्येक शाळेला टॅब आणि क्यूआर कोड मिळेपर्यंत थांबायची गरज नाही, फासा आणि काड्या आजही मिळतात. फक्त संयुक्त शाळा अनुदानातनं असलं साहित्य घेतलं तर हिशोबाला पक्की पावती मागू नका, खराट्याच्या काड्यांची पावती कोण देणार?

आता तुमच्याकडनं काय पाहिजे ते. भेटीला आलात की आधी ऑफिसात बसून रजिस्टर बघण्यापेक्षा सरळ वर्गात या आणि पोरांच्या गटात खाली बसा. एक डाव खेळा. कुठल्या पोराला काय येतं ते तुम्हाला तेवढ्यात वहीपेक्षा जास्त कळेल, कारण वही फळ्यावरनं उतरवता येते, डाव उतरवता येत नाही. वर्गात आवाज असेल तर आधी तो कशाचा आहे ऐका. सत्तेचाळीस झाले, नाही अठ्ठेचाळीस, असं पोरं भांडत असतील तर तो तासच चालू आहे. एका शाळेत, कुठल्या ते सांगत नाही, असाच खेळ चालू असताना शेरेबुकात वर्गात शिस्त नाही असा शेरा पडला, त्यानंतर त्या बाईंनी खेळ बंदच केला, आणि त्या शाळेतल्याच नाही तर आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांनीही तो शेरा ऐकून धडा घेतला. तुमचा एक शेरा इतक्या लांब जातो. मग चांगला शेराही तसाच जाईल ना? गणिताच्या तासाला खेळ पाहिला, कच्ची मुलंही खेळात होती, एवढं एक वाक्य लिहून बघा.

फोटोची मागणी थांबवा, निदान कमी करा. खेळ रंगात आला की मोबाईल काढावा लागतो, पोरं लगेच कॅमेऱ्याकडं बघून ओळीत उभी राहतात, खेळ मोडतो. लिंक, फोटो, माहिती आजच्या आज, यात दुपार जाते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षणाबाहेरच्या बाकीच्या कामांना कायद्यात शिक्षक नाहीतच, पण ते वेगळं पत्र होईल.

आणि एक शेवटचं. दर महिन्याची शिक्षण परिषद आपण पीपीटीवर घालवतो. खेळातनं कसं शिकवावं यावरही पीपीटीच असते, आम्ही खुर्च्यांवर बसून बघतो आणि चहा पिऊन घरी येतो. पुढच्या परिषदेत अर्धा तास द्या. शिक्षकांचे चार-चारचे गट करू, उलटा खेळ लावू, दहा गठ्ठ्यांपासनं खाली, तुम्हीही एका गटात बसा. फासे, काड्या, रबर मी घेऊन येते, तुमच्याकडनं फक्त सतरंज्या टाकलेली एक खोली पाहिजे. तारीख ठरली की केंद्राच्या ग्रुपवर टाका.

आपली,
दक्षिण सोलापुरातली एक प्राथमिक शिक्षिका